आपला कप आणि वेगळा कप

आमच्या शहापूरच्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला एक जुनी लाकडी मांडणी आहे. तिच्या मधल्या फळीवर कप असतात. सहा-सहाचे संच कधीच फुटून गेले. उरले आहेत ते एकेकटे कप, आणि त्यांतल्या प्रत्येकाला मालक आहे. अब्बांचा निळ्या काठाचा कप म्हशाच्या यात्रेतून आलेला. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला ही यात्रा सुरू होते, गुरांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या विकायला येतात. अब्बा एका वर्षी बैल बघायला गेले. बैलाचा सौदा जमला नाही, तेव्हा रिकाम्या हाताने कसे परतायचे म्हणून कपबशी घेऊन आले. बशी फुटली, कप अजून आहे. अम्मीच्या कपाचा कान तुटलेला आहे. तिच्या लग्नातल्या संचातला तो शेवटचा. गरम चहा भरला की ती तो ओढणीच्या टोकात धरून पिते, पण दुसरा घेत नाही. आमचा स्वतःचा कप तपकिरी, जाड बुडाचा. बी.एड.चे वर्ष संपले त्या दिवशी एका मित्राने तो दिला होता. त्यावर छापलेली अक्षरे धुऊन-धुऊन गेली. काय लिहिले होते ते आता आम्हां दोघांनाही आठवत नाही.

असे कप घरोघरी असतात. पाहुण्याने चुकून अब्बांचा कप उचलला तर अब्बा काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्यांचा अर्धा चहा तसाच राहतो. आपला एक कप असणे ही वाटते तितकी छोटी गोष्ट नाही. दिवसभर शाळेत, कचेरीत, बाजारात आपली कोणी दखल घेतली नाही, तरी घरी एक वस्तू आपली म्हणून जागेवर ठेवलेली असते, यात मोठा दिलासा आहे.

या लेखात आम्हांला जो प्रश्न मांडायचा आहे तो या दिलाशाच्या पोटातूनच निघाला आहे. एका माणसासाठी एक कप बाजूला ठेवणे हे प्रेमाचे लक्षण आहे. आणि एका माणसासाठी एक कप बाजूला ठेवणे हेच अपमानाचेही लक्षण आहे. बाहेरून पाहिले तर कृती एकच दिसते. मग 'आपला कप' आणि 'वेगळा कप' यांतला फरक ओळखायचा कसा?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही. तो मुरबाड तालुक्यातल्या एका ओटीवर, चहा पिता पिता समोर आला.

तपकिरी कप देणारा मित्र सरळगावच्या आतल्या बाजूच्या एका गावचा. तो मराठी शाळेत शिकवतो, आम्ही उर्दू शाळेत. आमची शाळाही मुरबाड तालुक्यातच आहे. शहापूर, किन्हवली, सरळगाव हा आमचा मोटारसायकलचा रोजचा रस्ता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मित्राच्या घरी चहा ठरलेला. त्याची आई आम्हांला 'मास्तर' म्हणते आणि आम्ही तिला 'आई' म्हणतो. घर कुणब्यांचे, मांसमच्छी खाणारे. ओटीवर बसून शाळेच्या गप्पा, बदल्यांच्या गप्पा, जनगणना आणि निवडणुकीच्या कामांविषयीच्या तक्रारी, हे सारे व्हायचे. चहा यायचा तो गुलाबाची फुले काढलेल्या चिनी मातीच्या कपात. घरातले बाकीचे स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायचे, आम्हांला मात्र फुलांचा कप. तो कप ओटीवरच्या खिडकीत ठेवलेला असायचा. पाच-सहा वर्षे आम्ही त्या कपातून चहा प्यालो. घरी येऊन कौतुकाने सांगायचो की तिथेही आमचा स्वतःचा कप आहे.

एका शनिवारी मित्राच्या लहान पुतण्याने तो कप खेळायला खाली काढला. आतून आईची हाक आली, "अरे ठेव तो! मुसलमान मास्तरांचा हाय. वेगळा असतो तो."

हाकेत राग नव्हता, तुच्छता नव्हती. घरातला एक नियम मुलाला सांगावा, तसा तो आवाज होता. म्हणूनच तो जास्त लागला. मित्र खाली मान घालून बसला. आम्ही चहा प्यालो. चहाची चव बदलली नव्हती. कप तोच होता, खिडकी तीच होती, साखरही नेहमीइतकीच. पण सहा वर्षांचे शनिवार एका वाक्यात उलटे झाले. ज्याला आम्ही मान समजत होतो ती खबरदारी होती. त्या घरातल्या मांडणीवर आमच्या कपाला जागा नव्हती, म्हणून तो खिडकीत होता.

त्यानंतर काही महिने आम्ही त्या वाटेने गेलो, पण आत वळलो नाही.

घरी हे सांगितले तेव्हा अम्मी संतापली. "त्यांच्या घरचा चहा प्यायलातच कशाला?" असे ती म्हणाली. म्हणाली तेव्हा ती परसदारी उभी होती आणि तिच्या हातात चहाचे पातेले होते. परसदारच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला असतो. त्या पेल्यात ती चहा ओतत होती. खाली पायरीवर लाकडाची मोळी टाकून एक कातकरीण बाई बसली होती.

ही बाई आमच्या लहानपणापासून येते. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळे आणते, पुढे कंटोळी आणते, उन्हाळ्यात करवंदे. दिवाळीनंतर तिचे कुटुंब वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परत येते. अम्मी तिला 'बाय' म्हणते, आम्ही 'मावशी' म्हणतो. तिच्या लेकीच्या लग्नात अम्मीने साडी दिली, आमच्या आजीच्या मय्यतीला ती दिवसभर अंगणात बसून होती. नाते खोटे नाही. पण तिचा पेला परसदारच्या कोनाड्यात असतो, हे आम्ही तीस वर्षे पाहिले होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

रात्री आम्ही अम्मीला विचारले, "तो पेला बाहेर का?"

"तुझ्या दादीच्या वेळेपासून आहे."

"बायचं झूठं नापाक आहे का?"

"तौबा! असं कोण म्हणतं?"

"मग?"

अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती बाहेर बसते ना, म्हणून."

उत्तर खरे होते. ती परसदारी बसते म्हणून पेला परसदारी, आणि पेला परसदारी म्हणून ती परसदारी. मित्राच्या आईला विचारले असते तर तिनेही यापेक्षा वेगळे काही सांगितले नसते. 'आधीपासून आहे' या दोन अक्षरांच्या 'आधी'मागे आपल्याकडे किती गोष्टी लपून बसलेल्या असतात!

आता रागाला एकच दिशा उरली नाही. ज्या मापाने मित्राचे घर मोजले, त्याच मापाने आपले घर मोजावे लागणार होते. म्हणून मापच नीट तपासू या.

पहिला आक्षेप असा येतो की भांडी वेगळी ठेवण्यात गैर काय? शाकाहारी घरे मांसाहाराला आपली भांडी देत नाहीत. आपणही हलाल-हरामचा विचार करतो. हे बरोबर आहे. पण पदार्थासाठी भांडे वेगळे ठेवणे एक, आणि माणसासाठी वेगळे ठेवणे दुसरे. मित्राच्या घरी आमच्या कपात येणारा चहा घरातल्या सर्वांच्याच पातेल्यातला होता. आमच्या घरी मावशीच्या पेल्यात पडणारा चहाही अम्मीच्याच पातेल्यातला. पदार्थ एकच असताना भांडे वेगळे झाले, तर वेगळा केला तो माणूस.

दुसरा आक्षेप आजाराचा. पूर्वी घरात क्षयरोगी असला की त्याची ताट-वाटी-कप वेगळे काढत. क्षय हवेतून पसरतो, ताट-वाटीतून पसरत नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांनी तसे केले त्यांचा हेतू रोगापासून वाचण्याचा होता आणि चूक ज्ञानाची होती. रोगी बरा झाला की त्याची ताटवाटी पुन्हा घरच्या भांड्यांत मिसळत असे. मित्राच्या घरच्या आमच्या कपाला आणि आमच्या घरच्या मावशीच्या पेल्याला मात्र बरे होण्याची मुदत नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीने तर आपल्या सर्वांवरच हा प्रयोग केला. त्या वर्षी प्रत्येकाचा कप वेगळा झाला. पुढे शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत ज्याने त्याने घरून आपापला कप आणला, कोणी कोणाच्या कपाला हात लावला नाही, आणि कोणालाच वाईट वाटले नाही. कारण वेगळेपण सर्वांना सारखे वाटून आले होते. त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये, दिल्लीतल्या तबलीगी जमातीच्या मेळाव्यानंतर, देशात अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्यांना आणि फेरीवाल्यांना वाटेवरून परत पाठवले गेले. रोग सर्वांचा होता, पण संशय काहींच्याच वाट्याला आला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचे बकरे म्हणून निवडले गेल्याची शक्यता नोंदवली. एकाच वर्षात वेगळेपणाची दोन्ही रूपे आपण पाहिली. सर्वांना सारखे लागू होते ते पथ्य. एकालाच लागू होते तो कलंक.

तेव्हा वेगळेपण हे स्वतः वाईट नाही. अब्बांचा कपही वेगळाच आहे. पण अब्बांनी तो स्वतः निवडला. तो बाकीच्या कपांच्या फळीवर असतो, त्यांच्याबरोबर धुतला जातो, आणि उद्या अब्बांना दुसरा कप घ्यावासा वाटला तर सारी मांडणी त्यांना मोकळी आहे. वेगळ्या कपाचे तसे नसते. तो दुसऱ्याने नेमून दिलेला असतो, त्याची जागा बाहेर असते, आणि ज्याच्यासाठी तो ठेवला त्याला दुसरा कप मागता येत नाही. आणखी एक खूण आहे. अब्बांचा कप त्यांचा का, ही गोष्ट आम्ही बैलाच्या सौद्यासकट कोणालाही हसत सांगतो. मावशीचा पेला तिचा का, हे अम्मीला तिच्या तोंडावर सांगता आले नसते. ज्या कपाची गोष्ट ज्याची त्याला सांगता येत नाही, तो वेगळा कप समजावा.

या वेगळ्या कपाचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्या दारावरूनच गेलेला आहे. शहापूर तालुक्यातून मुंबईची रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचली. या रेल्वेने सर्व जातिधर्मांची माणसे एका डब्यात बसवली खरी, पण इंग्रजी अमदानीत देशातल्या अनेक स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी', 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या ऐकू येत. चहा या देशात घरोघर पोहोचला तो विसाव्या शतकात, म्हणजे पेय नवे होते. त्याला ना शास्त्राचा आधार होता, ना रूढीचा. तरी आपल्या लोकांनी त्या नव्या पेयात जुनी शिवाशीव कालवली. आझाद हिंद सेनेचे कैदी लाल किल्ल्यात ठेवले होते तेव्हा त्यांनाही हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगवेगळा येई. त्या सैनिकांनी दोन्ही चहा एकत्र ओतले आणि वाटून घेतले. १९४६ साली गांधीजी त्यांना भेटले तेव्हाची ही हकीकत प्रसिद्ध आहे.

हिंदू-मुसलमान चहाच्या आरोळ्या बंद झाल्या. पण गावच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला टांगलेली दलितांची कपबशी स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे टिकली. तामिळनाडूत 'दोन पेल्यांची पद्धत' म्हणून ती ओळखली जाते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव सर्वांना खुले केले. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदाही आला. तरी शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' या १९८४ सालच्या आत्मकथनात चहाच्या दुकानातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाण्याचा प्रसंग आहे. त्याच पुस्तकात लेखकाच्या आजीबरोबर राहणारा आणि त्याला नातवाची माया देणारा एक मुसलमान म्हाताराही आहे. आपल्या वाचकांनी तो जरूर भेटावा असा आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा त्यांतल्या काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला होता. हा आपला वारसा आहे. त्याचा अभिमान आम्ही वर्गात मुलांना सांगतो. पण तो सांगताना परसदारचा कोनाडाही आठवावा, असे आता वाटते.

कारण आपल्या दीनमध्ये या कोनाड्याला आधार नाही. तोंडाला नापाक वस्तू लागलेली नसेल तर माणसाचे झूठे पाक असते, मग तो माणूस मुसलमान असो वा नसो. हनफी आणि शाफई दोन्ही फिक्हांत हे मान्य आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. त्या मासिक पाळीत असताना ज्या भांड्यातून पाणी पीत, ते घेऊन पैगंबर (स.) नेमके त्यांनी ओठ लावलेल्या जागी ओठ लावून पीत. ज्या अवस्थेत कितीतरी समाज बाईला कोपऱ्यात बसवतात, त्या अवस्थेत भांडे वेगळे करायचे सोडून पैगंबरांनी ओठाची जागासुद्धा वेगळी केली नाही. जुम्याच्या बयानात मसावातीवर बोलताना आम्ही हे ऐकतो, माना डोलावतो, आणि घरी येऊन परसदारच्या पेल्यात चहा ओततो. शिवाय मावशी एकटी नाही. गटार साफ करणाऱ्यासाठी कितीजणांच्या घरी फुटका कप राखून ठेवलेला असतो, हे ज्याने त्याने आपल्या मोरीत जाऊन पाहावे.

सूरह नूरच्या एकसष्टाव्या आयतीत कोणाकोणाच्या घरी जेवायला हरकत नाही याची यादी आहे. आपले घर, बापाचे, आईचे, भाऊ-बहिणींचे, चुलत्यांचे, मामा-मावशीचे, आणि सर्वांत शेवटी मित्राचे. रक्ताच्या नात्यांच्या ओळीत मित्राचे घर येऊन बसते. ती यादी वाचताना एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. तिथे बोलणे आहे ते दुसऱ्याच्या घरी जाऊन खाण्याविषयी. आपल्या घरी कोणाला खाऊ घालणे सोपे असते, कारण देणारा हात वरचा राहतो. दुसऱ्याच्या घरी बसून, त्याच्या भांड्यातून, तो देईल ते घेणे, इथे बरोबरी लागते.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे ओळखले होते. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पदरचे दलित नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. 'सत्यसुधारक' त्याचे नाव. हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतःची गाडी हॉटेलापुढे उभी करून गंगारामांच्या हातचा चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजत. राजवाड्यावर बोलावून गंगारामांना चहा पाजणे महाराजांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, ते गंगारामांच्या दारी गेले. आम्ही हिशेब केला. मावशी आमच्या घरी तीस वर्षे चहा पीत होती. आम्ही तिच्या घरी एकदाही प्यालो नव्हतो.

एवढे झाल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने परसदारचा पेला उचलून आत ठेवला आणि मावशीला फुलांच्या कपातून चहा दिला. तिने तो दोन घोटांत संपवला आणि म्हणाली, "मास्तर, यात घोटभरच मावतंय. माजा पेलाच बरा हाय." आम्ही खजील झालो. मग ती मोळीची दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "पन आत ठेवलाव ना, तितंच ऱ्हाऊ द्या."

म्हणजे तिला ठाऊक होते. तीस वर्षे ठाऊक होते. आणि आम्हांला जे बी.एड. करून कळले नाही ते तिने एका वाक्यात सांगितले. भांडे तिचे तिला प्रिय होते, तिला डाचत होता तो कोनाडा. आता तिचा पेला मांडणीवर अब्बांच्या कपाशेजारी असतो. वेगळा पेला तिचा 'आपला' पेला झाला. पेला बदलला नाही, फक्त आठ-दहा पावले आत आला.

पुढच्या पावसात आम्ही तिच्या वाडीवर गेलो. कुडाचे घर, चिखलातून वाट. तिने गवती चहा घालून कोरा चहा केला आणि स्टीलच्या पेल्यात पुढे धरला. पेल्याच्या काठाला चेपा होता, त्यात काळे साचले होते. इथे आम्ही खोटे लिहिणार नाही. आमचा हात एक क्षण थांबला. फिक्हचे मसले तोंडपाठ, हदीस तोंडपाठ, घटनेची कलमे मुलांना शिकवून झालेली, आणि तरी हात थांबला. स्वच्छतेचा विचार आला असे आम्ही स्वतःला सांगितले. पण शहापूरच्या एस.टी. स्टँडवर बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडवून काढलेल्या ग्लासातून आम्ही वर्षानुवर्षे कटिंग पीत आलो, तिथे हात कधी थांबला नाही. तो क्षण मावशीने पाहिला की नाही ठाऊक नाही. चहा आम्ही प्यालो. चांगला होता. परतताना मनात आले, मित्राच्या आईचा हात खिडकीकडे वळतो, तोही असाच वळत असेल. तिचा हात तिच्याआधी कितीतरी पिढ्यांनी वळवून ठेवलेला आहे, आणि आमचाही. फरक इतकाच की आम्हांला आता कारण विचारले गेले होते. कारण विचारले गेल्यावरही जो हात तसाच वळतो, त्याचा दोष मागच्या पिढ्यांवर टाकता येत नाही.

त्या शनिवारी आम्ही मित्राच्या घरी वळलो. ओटीवर बसून त्याला सारे सांगितले, त्या हाकेविषयी, कोनाड्याविषयी, वाडीवर थांबलेल्या हाताविषयीही. तो म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आईला काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू आला नसतास." मित्राने सहा वर्षे आपल्यापासून एक गोष्ट लपवली, मैत्री टिकावी म्हणून. याला मैत्री म्हणावे की मैत्रीतली भेग? आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. भेग आधीपासून होती, त्याने तिच्यावर फक्त फुलांचा कप ठेवला होता, असे कधी वाटते. आणि पुढच्याच क्षणी आठवते की आम्हीही अम्मीला तीस वर्षे काही विचारले नव्हते.

चहा आला. आमचा फुलांच्या कपात, त्याचा स्टीलच्या पेल्यात. मित्राने काही न बोलता दोन्हींची अदलाबदल केली. कप त्याने घेतला, पेला आमच्यापुढे सरकवला. आई दारात उभी होती. तिने पाहिले आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा आला. पण कोणी काही बोलले नाही.

त्या गोष्टीला आता दोन वर्षे झाली. दर शनिवारी मित्र त्या कपातून चहा पितो आणि आम्ही हाताला येईल त्या पेल्यातून. परवा त्याने हसत हसत सांगितले की आई आता दोन भांडी वेगळी धुते. आमचा पेलाही, आणि त्याचा कपही. "मी तुमच्यात आलो," तो म्हणाला. आम्हीही हसलो.

हे यश की अपयश? एका म्हातारीच्या हाताने रूढी सोडली नाही, उलट तिच्या मुलालाही त्या रूढीत ओढले, असे कोणी म्हणेल. पण आम्हांला त्यात दुसरेही काही दिसते. पूर्वी त्या घरात वेगळा होता तो फक्त आम्ही. आता आमच्या बाजूला त्या घरचा मुलगा बसला आहे. आईच्या मोरीतली दोन भांडी आज वेगळी धुतली जातात. तिची नातवंडे त्या ओटीवर खेळतात आणि काका कोणत्या कपातून चहा पितो ते बघतात. खिडकी रिकामी आहे. ती पुढेही रिकामी राहील की नाही, हे त्या मुलांवर अवलंबून आहे.

आमच्या तालुक्यातून तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. वैतरणेचे जाते, भातसेचे जाते. उन्हाळ्यात आमच्याच वाड्या टँकरची वाट पाहतात, तो वेगळा विषय. पण लाखो घरांत नळ सुटतो तेव्हा हे पाणी कोणाच्या शिवारातून आले, आपल्याआधी त्याला कोणाचा हात लागला, असे कोणी विचारत नाही. तेच पाणी उकळते, त्यात पत्ती पडते, ते कपात येते, आणि मग आपण माणूस बघू लागतो. आज सकाळी मावशी आली होती, शेवळे घेऊन. अम्मीने मांडणीवरून पेला काढला, चहा ओतला आणि हाक मारली, "बाय, आत ये, पाऊस आहे."

ती पायरीवरच बसली. अम्मी पेला घेऊन उंबऱ्यात आली, आणि आपला कान तुटलेला कप घेऊन तिथेच तिच्याजवळ बसली.